रातासरची मोकळी वाळू

अन्यायाशी झुंजणे कठीण असले तरी ते सरळ काम आहे. मनुष्य एकदा सत्याच्या बाजूला उभा राहिला की पुढे लागते ते केवळ धैर्य. खरी परीक्षा होते ती दोन न्याय्य मागण्या एकमेकींसमोर येऊन ठाकतात तेव्हा. एकाला श्वास हवा असतो, दुसऱ्याला पाणी. दोघेही मागतात ते हक्काचेच, आणि एकाच्या पानात वाढायचे तर दुसऱ्याच्या पानातले उचलावे लागते. अशा वेळी ‘बहुतांचे हित’ हे शब्द फार सहज तोंडी येतात. परंतु ज्याच्या पानातले उचलायचे आहे, त्याच्या डोळ्यांकडे पाहिल्यावाचून ते शब्द उच्चारू नयेत, एवढी मर्यादा धर्माने घालून दिलेली आहे. सुनंदाबाई हिंगमिरे यांच्यावर हा प्रसंग साठी उलटल्यावर आला, आणि समोर उभा होता तो त्यांनीच लहानाचा मोठा केलेला भाऊ.

सुनंदाबाई मूळच्या सोलापूरकडच्या. पाऊस ज्या मुलखाला नेहमी तोंडदेखले भेटून जातो तिथे वाढल्यामुळे कोरडेपणाचे भय त्यांना ठाऊकच नव्हते. आईवडील अकाली गेले, तेव्हा धाकट्या माधवचे शिक्षण त्यांनी शिकवण्या करून पुरे केले. तो मार्गी लागल्यावर वाळूच्या भौतिकीचा अभ्यास करण्यासाठी त्या जैसलमेरच्याही पश्चिमेला, रातासर नावाच्या वाडीवजा गावी आल्या आणि तिथल्याच होऊन राहिल्या. लग्नाचे काय, असे कुणी विचारले तर ‘वाळूने आधी मागणी घातली’ असे सांगून त्या हसत.

त्या भूमीला ओसाड म्हणणाऱ्याने ती सकाळच्या कोवळ्या उन्हात पाहिलेली नसते. वाऱ्याने रात्रभर बसून रेखाटावी तशी टेकड्यांच्या अंगावर लहरींची नक्षी उमटलेली असते. मैलोगणती अंतरावर एखादी खेजडी एकटीच उभी असते, आणि तिच्या शेंगा तोडण्यापूर्वी बायका तिला हात जोडतात. कधी काळी व्यापाऱ्यांचे तांडे ज्या वाटेने गेले त्या वाटेवरच्या पिवळ्या दगडाच्या छत्र्या अजून सावली देतात. अशा ठिकाणी माणसाने शेकडो पिढ्या काढल्या त्या निसर्गावर मात करून नव्हे. त्याची वृत्ती ओळखून, तिच्या कलाने वागून काढल्या.

रातासरचे जीवन ज्या आधारावर उभे होते, तो आधार डोळ्यांना दिसत नसे. गावाच्या खाली खोलवर जे भूजल आहे ते खारट. मात्र गावालगतच्या एका लांबट पट्ट्यात वाळूच्या खाली जिप्समचा थर आडवा पसरलेला आहे. पावसाचे जे थोडेबहुत थेंब पडतात ते वाळूत मुरतात, त्या थरापाशी अडतात, आणि खालच्या खाऱ्या पाण्यात न मिसळता ओलाव्याच्या रूपाने तिथेच राहतात. मातीचे कण एकमेकांना चिकटतात. म्हणून माती सुकताना आकसते, तिला भेगा पडतात आणि पोटातला ओलावा उन्हाच्या हवाली होतो. वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत. भिजले तरी सुटे, वाळले तरी सुटे. भेग पडतच नाही, आणि वरची कोरडी वाळू खालच्या ओलाव्यावर पांघरुणासारखी पडून राहते. अशा जागी माणूस जेमतेम उतरेल एवढी अरुंद विहीर खणली की तिच्या कडांतून गोड पाणी पाझरू लागते. तिला कुई म्हणतात. एका कुईतून दिवसाकाठी काही घागरी निघतात. अधिक मागू नये, मागितले तरी मिळत नाही.

साऱ्या कुया एकाच ओलाव्यावर असल्याने नवी कुई खणणे म्हणजे प्रत्येक शेजाऱ्याच्या घागरीत हात घालणे होय. म्हणून प्रत्येक कुईवाल्याने भर सभेत होकार दिल्यावाचून कुणालाही नवी कुई खणता येत नसे. पट्ट्यावर कुणी जोडे घालून पाऊल ठेवत नसे. तिथे रुजू पाहणारे झुडूप, पडलेली काटकी, शेळ्यांच्या लेंड्या, सारे अमावास्येला बायका झाडून काढीत. पट्टा असा स्वच्छ, उघडा ठेवणे हे त्या गावाचे देवकार्यच होते.

आता माधवविषयी. तो सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ झाला, नावारूपाला आला आणि दिल्लीत स्थिरावला. त्या वर्षांत उष्म्याचा पारा चढत गेला होता, गवताळ माळ नांगरले गेले होते आणि उन्हाळी वावटळी आठवडेच्या आठवडे थांबत नसत. थरची धूळ दिल्लीपर्यंत आणि तिच्याही पलीकडे जाऊन माणसांच्या छातीत बसू लागली. माधवची मुलगी रेवती एके काळी खो-खोमध्ये कुणाच्या हाती लागत नसे. आता तिला जिन्याच्या मध्यावर कठडा धरून थांबावे लागे. बापाने त्या दुखण्यावर औषध शोधण्याऐवजी दुखण्याचे मूळच बांधून टाकायचे ठरवले.

वाळवंटाच्या पृष्ठभागावर काही नीलहरित सूक्ष्मजीव स्वभावतःच असतात. माधवच्या चमूने त्यांपैकी एकाची जनुके अशी बदलली की तो नुसत्या दवाच्या स्पर्शाने जागा होई, डिंकासारखा स्राव सोडी आणि भोवतालचे वाळूचे कण एकमेकांशी सांधून टाकी. ड्रोनने फवारणी केली की एका पावसाळ्यात वाळूवर पापुद्रा धरे, दुसऱ्यात त्यावर हिरवी झाक येई. या प्रकल्पाचे नाव मरुबंध. पूर्वेकडच्या टेकड्यांवर त्याला अपूर्व यश आले आणि शहरांतली धूळ खरोखर उतरली. सुनंदाबाईंना त्या यशाचा अभिमान होता. वाळूच्या हालचालींची त्यांची मोजमापे त्यात वापरलेली होती. पुढे कुठे फवारायचे हे उपग्रहाच्या चित्रांवरून यंत्रच ठरवी. त्याचा नियम साधा होता: जी भूमी सर्वांत उघडी, ती सर्वांत आधी.

अशा रीतीने मरुबंध रातासरला आला. माधवने गावाची सभा मागितली. मुखिया भैराराम म्हणाले की बाईसांनी, म्हणजे सुनंदाबाईंनी, इतकी वर्षे गावाकडे काही मागितले नाही, त्यांचा भाऊ पाहुणा म्हणून काही मागतो आहे, तर नाही कसे म्हणावे? प्रत्येक कुईवाल्याने शब्द दिला. सुनंदाबाईंना कुणी विचारले नाही, कारण त्यांची स्वतःची कुई नव्हती. शेजारच्या धापूबाईंच्या कुईचे पाणी त्या पीत. विचारले असते तरी त्यांनी त्या दिवशी होच म्हटले असते.

नमुन्यादाखल पट्ट्याची उत्तरेची कड फवारली गेली. मग पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी ओलावा मोजायला गेलेल्या सुनंदाबाईंना तिथे डबके दिसले. रातासरच्या वाळूवर डबके आजवर कुणी पाहिले नव्हते. शेळ्या त्यात तोंड घालीत होत्या आणि गावातले लोक कौतुकाने उभे होते. पाणी मुरले नव्हते, वरच्या वर वाहून एका खळग्यात जमले होते. दोन दिवसांच्या उन्हात ते आटून गेले, आणि पापुद्रा सुकताना त्याला भेगा पडल्या, अगदी मातीला पडाव्यात तशा. सुनंदाबाईंनी ओलावा मोजायची सळई खोल घालून वर काढली. एरवी तिच्या टोकाशी बोटाला गारवा लागायचा, आज ते कोरडे लागले. पाऊस थांबून पंधरवडा लोटला नाही तोच त्या कडेच्या कुया आटल्या.

कारण कळायला त्यांना फार विचार करावा लागला नाही, आणि त्याचीच त्यांना अधिक लाज वाटली. जी वाळू गावाने पिढ्यानपिढ्या झाडून, जपून उघडी ठेवली होती, तिलाच यंत्राने सर्वांत उजाड समजून पहिली निवडली होती. सुटेपणा हा त्या वाळूचा दोष नव्हताच, तोच तिचा गुण होता.

त्यांनी धापूबाईंना हे समजावून सांगितले. धापूबाई मारवाडीत बोलत, भरभर आणि न लाजता. शेळीच्या पायातला काटा काढता काढता त्यांनी सारे ऐकून घेतले.

“आम्हीच तर हो म्हटलं, बाईसा. मला वाटलं, वाळू बिचारी जन्माची उघडी, तुझा भाऊ तिला ओढणी पांघरतोय. वर शेळ्यांना चारा.”

“मलाही तसंच वाटलं होतं.”

“म्हणजे तुझ्या पोथ्या आणि माझ्या शेळ्या, दोघींची अक्कल सारखीच,” धापूबाई म्हणाल्या, आणि काटा काढून त्यांनी दूर फेकला.

माधवला निरोप गेला. तो स्वतः आला. खेजडीच्या सावलीत बहीणभाऊ बसले. सुनंदाबाईंनी सळईची मोजमापे पुढे ठेवली. ती त्याने नाकारली नाहीत. तो प्रामाणिक माणूस होता. घराघरात कालव्याचे नळ येणार आहेत, असे त्याने सांगितले.

“येऊ देत की. पण नळाची चावी दुसऱ्याच्या गावात असते, माधवा. कुई यांच्या पायाखाली आहे.”

“ही वाळू मोकळी राहिली तर इथून धूळ उडणार. ते तरी मान्य करशील ना, अक्का?”

“करते. उडणार.”

मग त्यांनी आपला मार्ग मांडला. वाऱ्याच्या बाजूला काटक्यांचे बांध घालावेत, त्यांच्या आडोशाला सेवण गवत लावावे. त्याने वाळूचे तोंड बंद न होता वाऱ्याचा जोर मोडतो. माधवने मनातल्या मनात हिशेब केला आणि मान हलवली. एवढ्याने अर्धीसुद्धा धूळ थांबणार नव्हती. सुनंदाबाईंनाही ते ठाऊक होते.

“म्हणजे उरलेली माझ्या लेकीनं गिळायची?”

खेजडीवर एक पक्षी येऊन बसला आणि उडून गेला. सुनंदाबाईंना खोटे बोलता आले असते. धूळ थोडीच असेल, वारे दिशा बदलतील, असे काहीतरी.

“हो,” त्या म्हणाल्या. “उरलेली तिनं गिळायची.”

माधव उठला. त्याचा आवाज चढला नाही, उलट थंड झाला. “नियम असा आहे की पाणी असलेल्या जागी फवारायचं तर त्या पाण्याच्या प्रत्येक धारकाचा होकार लागतो. इथल्या प्रत्येकानं तो दिलाय. तू धारक नाहीस, अक्का. तुझा नकार कुठं नोंदवायचा तेच मला कळत नाही.”

तो गेला. जाताना, दिल्लीच्या घरात त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावर खोली बांधून झाली आहे, तिला पूर्वेची खिडकी ठेवली आहे, हे तो बोलला नाही. एरवी प्रत्येक भेटीत बोलत असे.

सुनंदाबाई भैरारामांकडे गेल्या. त्या वृद्धाने त्यांना खाटेवर बसवले आणि फार आदराने नकार दिला. पाण्यावाचून गाव उठले तर उठेल, पण पाहुण्याला दिलेला शब्द रातासर परत घेणार नाही. आमच्या वाडवडिलांजवळ ना पाणी होते ना पीक. शब्द तेवढा होता, तो आम्ही उन्हात वाळत घातला नाही, असे ते म्हणाले. हे हट्टाचे बोलणे होते, आणि त्यात थोरवीही होती. सुनंदाबाईंना राग आला आणि त्याच वेळी वाकून नमस्कार करावासा वाटला.

घरी परतताना माधवचे वाक्य त्यांच्या मनात घोळत होते: ‘तू धारक नाहीस.’ पाऊलवाटेच्या मध्यावर त्या थांबल्या. शब्द दिला होता तो कुईवाल्यांनी. ज्याने शब्द दिलाच नाही, त्याला तो मोडण्याचे पाप लागत नाही.

त्या पुन्हा भैरारामांच्या अंगणात गेल्या आणि सभा बोलवा म्हणाल्या. सभा भरली. सुनंदाबाईंनी एवढेच सांगितले: “मला कुई हवी आहे. पट्ट्याच्या मधोमध.”

मागणीचा अर्थ सर्वांना कळला होता. तिची किंमतही कळली होती: मधोमध नवी कुई म्हणजे प्रत्येक घरची एक तरी घागर कमी. आधीच कडेच्या कुया आटलेल्या. भैरारामांनी विचारले, ही पाहुण्याशी कपटबाजी तर होत नाही?

“त्याला मी स्वतः आधी सांगणार आहे,” सुनंदाबाई म्हणाल्या. “आणि कुई दाखवण्यापुरती नसेल. तिचंच पाणी मी मरेपर्यंत पिईन. इथून हलणार नाही.”

“हलणार नाही, हे आधी आम्हाला लिहून द्यायला पाहिजे,” धापूबाई बायकांच्या घोळक्यातून म्हणाल्या. “रोज माझ्या कुईवर उधार पाणी प्यायची. आता निदान स्वतःचं पी. माझा होकार.” बायका पदराआड हसल्या. त्यांच्यामागून एकेक कुईवाला होकार देत गेला. ज्यांच्या कुया आटल्या होत्या त्यांनीही दिला, आणि त्यांचा होकार ऐकताना सुनंदाबाईंना मान वर करवेना.

त्याच संध्याकाळी त्यांनी माधवला फोन केला. “मी कुई खणते आहे. तिला पाणी लागलं की मी धारक होईन, आणि फवारणीला नाही म्हणेन. तुला आधी कळवते, कारण पाठीमागून वार करायला मी तुला शिकवलं नाही आणि स्वतःही शिकले नाही.” माधवने फोन ठेवला. थोड्या वेळाने फोन आला तो रेवतीचा. ती रडली नाही, ओरडलीही नाही. “आत्या, एकदा येऊन माझा जिना चढून बघ,” एवढेच ती म्हणाली, आणि पुढचा श्वास घ्यायला थांबली. तो श्वास ऐकण्याचे प्रायश्चित्त सुनंदाबाईंनी टाळले नाही. पलीकडून फोन बंद होईपर्यंत त्यांनी तो कानापासून हलवला नाही.

खणण्याचे काम धापूबाईंच्या दिरांनी घेतले. अरुंद खड्ड्यात उतरलेल्या माणसाला खाली वारा मिळत नाही. म्हणून वर उभी असलेली मंडळी मूठ मूठ वाळू जोराने आत टाकतात, तिच्याबरोबर ताजी हवा खाली जाते आणि तळाची कोंदट हवा वर येते. खालच्याच्या डोक्यावर पितळी टोप असतो, त्यावर वाळूचा सडा पडत राहतो. वाळू ढासळू नये म्हणून गवताचा जाड दोर वेटोळे घालत तळापासून वरपर्यंत रचत आणतात. रातासरच्या सगळ्या घरांतून कुणी ना कुणी मूठभर वाळू टाकायला येऊन उभे राहिले. भैरारामही आले. त्यांच्या मुठी शेवटपर्यंत थांबल्या नाहीत.

मरुबंधच्या गाड्या आल्या त्या दिवशी कुईचा तळ ओला झाला होता. ड्रोन पट्ट्याच्या काठावर ओळीने मांडले गेले. माधव जोडे काढून पट्ट्यावर चालत आला; ती रीत तो पूर्वीच्या भेटींत शिकला होता. नियमाप्रमाणे पाणी असल्याची खातरजमा त्यानेच करायची होती. दुसऱ्या कुणाला न पाठवता तो स्वतः दोर धरून खाली उतरला. वरून त्याच्यासाठीही मुठी मुठी वाळू टाकली गेली.

वर आला तेव्हा त्याच्या हातात ओली वाळू होती. मूठ उघडताच ती बोटांमधून ओघळली. ओली असूनही तिने त्याच्या तळहाताला धरले नाही. तो त्या तळहाताकडे पाहत राहिला. आयुष्यभर ज्या गुणाविरुद्ध तो लढला, तो गुण त्याच्या हातावरून निसटून चालला होता, आणि त्याखाली गार पाणी होते.

सोबतचे लोक पाहत होते. माधवने हात पुसला आणि बहिणीला त्याने प्रथमच अहो-जाहो केले. “रातासरच्या पट्ट्यावर मरुबंधची फवारणी करायला, या कुईच्या धारक म्हणून तुमची संमती आहे?”

“नाही.”

“कारण?”

“कारण ही भूमी आजारी नाही. तिला बरी करायला कुणी बोलावलं नव्हतं.” मग सुनंदाबाईंचा आवाज किंचित खाली आला. “आणि हे म्हणताना मला माझ्या भाचीचा श्वास ऐकू येतो आहे, हेही कळू दे सगळ्यांना.”

माधवने वळून खूण केली. ड्रोन उचलून गाड्यांत ठेवले जाऊ लागले. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, “अक्का, मला हे इतक्यात विसरता येणार नाही.”

“विसरू नकोस. मीही विसरणार नाही.”

धापूबाईंनी नव्या कुईतले पाणी लोट्यात भरून त्याच्यापुढे धरले. त्याने मान हलवली. “भांडण तुमच्या घरचं, पाणी आमच्या गावचं,” धापूबाई म्हणाल्या. “त्याला राग दाखवू नये. पी.” माधवने लोटा दोन्ही हातांनी घेतला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

त्यानंतर मरुबंधच्या यंत्राला एक नवा प्रश्न शिकवला गेला: जी भूमी उघडी दिसते, ती कुणी जाणून उघडी ठेवली आहे काय, हे तिथे जाऊन आधी विचारावे. तो प्रश्न माधवने घातला. रातासरच्या वाऱ्याच्या बाजूला काटक्यांचे बांध उभे राहिले, सेवण हळूहळू रुजू लागले. दिल्लीतल्या वरच्या खोलीत आता पुस्तके ठेवली आहेत, असे कुणाकडून तरी सुनंदाबाईंना कळले.

उन्हाळ्यात एके दुपारी वावटळ उठली. गावाने दारे लावून घेतली, शेळ्यांनी वाऱ्याकडे पाठ केली. बांधांना न जुमानता पट्ट्यावरची मोकळी वाळू उसळली आणि तांबूस भिंतीसारखी पूर्वेकडे निघाली. सुनंदाबाई तोंडावर पदर घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. त्या भिंतीत आपला वाटा किती, हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यांनी नजर फिरवली नाही. ती भिंत क्षितिजाशी मिळेपर्यंत त्या पाहत राहिल्या, आणि मग त्यांचे हात आपोआप जुळले.

ही धूळ ज्यांच्या दारी उतरेल, त्यांच्या छातीला बळ मिळो. जिना चढणाऱ्या मुलीला पुढच्या पायरीवर श्वास सापडो. ज्याने आपला हट्ट मागे घेतला त्याला शांत निद्रा येवो, आणि ज्यांनी आपल्या घागरीतले दिले त्यांच्या कुया पाझरत राहोत.